अठ्ठ्याण्णवची तारीख

इंडोनेशियातील तरुण मुलामुलींनी काढलेली शाळेची छायाचित्रे पाहत बसण्याचा नाद आम्हाला गेल्या काही वर्षांत लागला आहे. ही छायाचित्रे बहुधा एकाच वळणाची असतात. वर्गाबाहेरचा लांब व्हरांडा, पायऱ्यांवर बसलेल्या चार मैत्रिणी, पांढरे सदरे आणि राखाडी स्कर्ट. एकीने हसताना मान फिरवल्यामुळे तिचा चेहरा पुसट झालेला. एका कडेने तांबूस उजेड आत झिरपलेला, सावल्यांना हिरवट झाक, सगळ्या चित्रावर बारीक रवा पसरलेला. आणि खालच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख. तिच्यातले साल पुष्कळदा '९८. छायाचित्रातल्या मुलींचा जन्म मात्र २००५च्या आगेमागे झालेला.

ही किमया हुजी कॅम नावाच्या मोबाइल अ‍ॅपची. २०१८च्या सुमारास ते जगभर पसरले. फोनने काढलेला फोटो १९९८ साली एखाद्या स्वस्त कॅमेऱ्याने काढल्यासारखा दिसावा एवढेच त्याचे काम, आणि म्हणून तारखेतही तेच साल. पुढे त्याच जातीची आणखी अ‍ॅप्स आली. अलीकडे तर मुले २०००च्या दशकातले, घरच्या कपाटात धूळ खात पडलेले छोटे डिजिटल कॅमेरे हुडकून काढतात आणि त्यांचा भगभगीत फ्लॅश तोंडावर मारून घेतात. या सगळ्या प्रकाराला लो-फाय म्हणायची रीत आहे. तंत्राने जे दोष एकेकाळी नाइलाजाने पदरी घातले, ते आता हौसेने मागून घ्यायचे, असा त्याचा अर्थ.

अ‍ॅपवाल्यांनी '९८ हे साल काही इंडोनेशियासाठी निवडलेले नव्हते. टोकियोतल्या किंवा टोरांटोतल्या मुलीच्या फोटोवरही तेच उमटते आणि तिथे त्याला 'पूर्वीचे, गोड' एवढाच अर्थ असतो. इंडोनेशियात मात्र त्या दोन आकड्यांना वेगळा भार आहे. १२ मे १९९८ रोजी जकार्तातील त्रिसक्ती विद्यापीठाचे चार विद्यार्थी गोळीबारात मारले गेले. त्यानंतरचे काही दिवस शहर जळत होते. हजारावर माणसे मेली, चिनी वंशाच्या इंडोनेशियन लोकांची दुकाने आणि घरे लुटली गेली, त्यांच्या स्त्रियांवर बलात्कार झाले. विद्यार्थी संसदेच्या आवारात शिरून छपरावर चढून बसले. २१ मेला, तीन दशकांहून अधिक काळ सत्तेवर राहिलेले सुहार्तो पायउतार झाले. एवढे सगळे पोटात असलेले साल चार मैत्रिणींच्या हसण्याखाली शोभेची वेलबुट्टी म्हणून उमटते.

हे पाहून पहिल्यांदा राग येतो. आम्हालाही आला. आजकालच्या पोरांना इतिहास ठाऊक नाही, हे वाक्य ओठांवर तयारच असते, आणि ते उच्चारून मोकळे होणे सोपे. पण जरा थांबून पाहिले तर प्रकरण इतके सरळ नाही असे दिसते. ही मुले नेमकी शाळेचीच छायाचित्रे का जुनी करून घेतात, या प्रश्नापासून सुरुवात करायला हवी.

इंडोनेशियात वरिष्ठ माध्यमिक शाळेच्या तीन वर्षांना 'मासा पुतिह अबु-अबु' म्हणजे 'पांढऱ्या-राखाडीचा काळ' म्हणतात. आयुष्याच्या एका टप्प्याला कपड्याच्या रंगाचे नाव मिळावे, ही गोष्टच बोलकी आहे. मार्च १९८२ मध्ये शिक्षण खात्याच्या आदेशाने साऱ्या देशाला एकच गणवेश लागू झाला: प्राथमिक शाळेला लाल-पांढरा, कनिष्ठ माध्यमिकला निळा-पांढरा आणि वरिष्ठ माध्यमिकला राखाडी-पांढरा. त्याच्या रचनेचे श्रेय इदिक सुलेमान यांना दिले जाते. सुमात्राच्या टोकापासून पापुआपर्यंत, हजारो बेटांवर, मुले वयाबरोबर त्याच क्रमाने रंग बदलत मोठी होतात. त्यामुळे तिथे शाळेची आठवण ही कितीही खाजगी असली तरी तिचा रंग सरकारी असतो. कुठल्याही गावातल्या कुठल्याही फोटोत आपणच बसलो होतो असे कोणालाही वाटू शकते. लो-फाय छायाचित्रातला तो धूसरपणा या भावनेला पोषकच. चेहरा जितका पुसट तितका तो सगळ्यांचा.

मात्र त्या नियमांत मुलींना डोके झाकायला जागा ठेवलेली नव्हती. १९८०च्या दशकात जिलबाब घालून येणाऱ्या मुलींना सरकारी शाळांतून काढल्याच्या घटना घडल्या, प्रकरणे चिघळली, आणि रीतसर परवानगी मिळाली ती १९९१ साली. आज ऐंशीच्या दशकाचा पिवळट रंग चढवलेल्या छायाचित्रात जिलबाब घातलेल्या मुली निर्धास्त हसताना दिसतात. ज्या दशकाचा रंग त्यांनी हौसेने अंगावर घेतला, त्या दशकाने त्यांना शाळेच्या फाटकाबाहेर उभे केले असते. यात त्या मुलींची चूक आहे असे आम्ही म्हणत नाही. पण रंग आणि काळ यांची फारकत इथे उघडी पडते.

शाळेतला फोटो म्हटले की इंडोनेशियन विद्यार्थ्याच्या आयुष्यात आधी येतो तो 'पासफोटो'. तीन बाय चार सेंटिमीटर, मान ताठ, ओठ मिटलेले. तो प्रवेशाच्या अर्जावर लागतो आणि शेवटी 'इजाझा' म्हणजे उत्तीर्णतेच्या दाखल्यावर चिकटतो. शेजारी विद्यार्थ्याच्या डाव्या हाताच्या तीन बोटांचा ठसा उमटवून घेतात, त्याला 'तीन बोटांचा शिक्का' असेच नाव आहे. पुढे नागरिकत्वाचे ओळखपत्र येते. त्यावरील फोटोची पार्श्वभूमी जन्मसाल विषम असेल तर लाल, सम असेल तर निळी. सुहार्तो यांच्या काळात या ओळखपत्राला धाकही होता. १९६५नंतर पकडलेल्या आणि सुटून आलेल्या राजकीय कैद्यांच्या ओळखपत्रावर 'ई.टी.' अशी खूण असे, आणि त्या दोन अक्षरांमुळे माणसाला सरकारी नोकरी मिळत नसे.

कॅरेन स्ट्रासलर या मानववंशशास्त्रज्ञ बाईंनी जावामधील लोकप्रिय छायाचित्रणावर 'रिफ्रॅक्टेड व्हिजन्स' (२०१०) हे पुस्तक लिहिले आहे. सरकारी ओळखीसाठी काढलेला हाच पासफोटो लोक पुढे जिव्हाळ्याच्या कामांसाठी कसा वापरतात, हे त्यांनी फार चांगले टिपले आहे. मित्राला आठवण म्हणून द्यायला तोच, आणि माणूस गेल्यावर मोठा करून घ्यायला पुष्कळदा तोच. राज्याने लावलेल्या नजरेतून माणसे आपापले काहीतरी सोडवून घेत असतात. लो-फाय छायाचित्राकडे आम्ही याच अंगाने पाहू इच्छितो. पासफोटोत जे जे वर्ज्य, ते ते इथे मुद्दाम घेतलेले असते: हललेली मान, अर्धवट मिटलेले डोळे, चेहऱ्यावर आडवा आलेला हात, वाकडी चौकट. शाळेच्या दप्तरात ज्या फोटोने आपल्याला नोंदवून ठेवले त्याला दिलेले हे उत्तर आहे, आणि उत्तर म्हणून ते आम्हाला आवडते.

त्याच पुस्तकातला आणखी एक धागा इथे उचलावासा वाटतो. जावातील गावोगावचे फोटो स्टुडिओ पिढ्यान्‌पिढ्या चालवले ते प्रामुख्याने चिनी वंशाच्या कुटुंबांनी. रंगवलेले पडदे, काचेची कपाटे, मान किंचित डावीकडे करायला सांगणारा स्टुडिओमालक; एका राष्ट्राने स्वतःचा चेहरा पाहायला शिकावे ते या दुकानांतून. आणि मे १९९८ मध्ये जमावाचे लक्ष्य झाला तो हाच समाज. ज्यांच्या हातांनी जुन्या छायाचित्रांचा तो 'जुना' रंग घडला, त्यांच्यावर काय गुदरले तेही त्याच सालात आहे. अ‍ॅपमधल्या '९८ला यातले काही माहीत असण्याची सोय नाही.

थोडे तंत्राबद्दल. फिल्मवरचा रवा हा चांदीच्या क्षारांच्या कणांचा. फिल्म जितकी जलद तितका तो भरड. कडेने शिरणारा तांबूस उजेड म्हणजे कॅमेऱ्याच्या पाठीची जुनी झालेली फट. नारिंगी तारीख उमटे ती कॅमेऱ्याच्या मागच्या झाकणात बसवलेल्या इवल्या दिव्यामुळे. तो फिल्मवरच आकडे उजळवी, आणि ते हाताने लावावे लागत. बॅटरी बदलल्यावर तारीख लावायला लोक विसरत, त्यामुळे जुन्या आल्बमांत चुकीच्या तारखा भरपूर सापडतात. म्हणजे तारीख तेव्हाही खोटी असू शकत होती. फरक इतकाच की तेव्हा ती विसराळूपणाने खोटी होई. शिवाय अशा पुष्कळ कॅमेऱ्यांचे कॅलेंडर २०१९ सालापर्यंतच चालते. त्यांच्यावर आजची तारीख लावताच येत नाही, मागचेच कुठले तरी साल निवडावे लागते. वार जुळवायचे तर २०२६साठी १९९८ हेच साल चपखल बसते, कारण दोन्ही वर्षांचे कॅलेंडर एकच आहे. योगायोग खरा.

पण खऱ्या १९९८ साली इंडोनेशियन शाळकरी पोरांच्या हातात कॅमेरा होता का? वर्षभर आधी एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया पडत, ते त्या वर्षी जूनमध्ये १६,०००च्या पलीकडे गेले होते. तांदूळ आणि तेल महागले होते, आणि मुलांनी शाळा सोडू नये म्हणून सरकारला शिष्यवृत्त्यांचा मोठा कार्यक्रम हाती घ्यावा लागला होता. छत्तीस फोटोंचा रोळ पायऱ्यांवरच्या चार हसऱ्या मैत्रिणींवर उडवणे थोड्याच घरांना परवडले असते. अ‍ॅपमधून बाहेर येणारे १९९८ हे न काढलेल्या छायाचित्रांचे साल आहे.

अर्थात शाळेचे स्मरणरंजन इंडोनेशियात मोबाइलबरोबर जन्मलेले नाही. एडी डी. इस्कंदर यांच्या कादंबरीवरून १९७९ साली आलेल्या 'गीता चिंता दारी एस.एम.ए.' या चित्रपटापासून त्याची एक धारा वाहते आहे. मराठी वाचकाला इथे गंमत वाटेल. 'गीता' म्हणजे आपले गीत, आणि 'चिंता' हा संस्कृत शब्द त्या भाषेत जाऊन प्रेम या अर्थाने स्थिरावला आहे. २००२ साली आलेल्या 'आदा आपा देंगान चिंता?' या चित्रपटाच्या नायिकेचेही नाव चिंताच. त्याने एका पिढीला वेड लावले. नायक रंगा हा एकलकोंडा, कवी खैरिल अन्वर याच्या आयुष्यावरील सुमन जाया यांची पटकथा काखोटीला मारून फिरणारा मुलगा. या दोघांच्या शाळकरी प्रेमाच्या गोष्टीत रंगाचा बाप राजकीय मतांपायी अडचणीत आलेला आहे, आणि ती आच मुलापर्यंत पोचते. सुहार्तो जाऊन तेव्हा जेमतेम चार वर्षे झाली होती. प्रेमकथा सांगतानाही तो काळ घराच्या खिडकीतून आत येत होता.

याच्याशेजारी 'दिलान १९९०' ठेवून पाहावा. पिदी बाइक यांची कादंबरी २०१४ची, चित्रपट २०१८चा. साठ लाखांहून अधिक लोकांनी तो चित्रपटगृहात जाऊन पाहिला. बांडुंग शहर, मोटारसायकल, घरच्या फोनवरच्या गप्पा, राखाडी-पांढरा गणवेश. साल १९९०, म्हणजे सुहार्तो यांची राजवट भर जोमात. दिलान आणि मिलेआ या दोघांचेही वडील लष्करात आहेत. पण लष्कर इथे बापाची नोकरी म्हणून येते, वडीलधारे, शिस्तीचे, थोडे विनोदीसुद्धा. कथा चतुर आहे, संवाद खट्याळ आहेत आणि तिच्यावर प्रेम करणाऱ्यांशी आमचे भांडण नाही. तरी २००२ ते २०१८ या सोळा वर्षांत शाळेच्या आठवणीतून नेमके काय गळून पडले, हे हे दोन चित्रपट लागोपाठ पाहिल्यावर लक्षात आल्यावाचून राहत नाही. लो-फाय छायाचित्रांचा पूर आला तोही याच सुमारास.

मुंबईत जन्मलेले अभ्यासक अर्जुन अप्पादुराई यांनी 'मॉडर्निटी अ‍ॅट लार्ज' (१९९६) या ग्रंथात स्मृतीविना स्मरणरंजनाची कल्पना मांडली. अमेरिकन जुन्या गाण्यांत रमणाऱ्या फिलिपिनो लोकांबद्दल ते बोलत होते: जे आपण कधी गमावलेच नाही त्याच्यासाठी हुरहुरणे. इंडोनेशियन मुलांना ही कल्पना जशीच्या तशी लावण्याचा मोह होतो. पण इथे भूतकाळ परक्याचा नाही. तो त्यांच्या आईबापांचा आहे, आणि कित्येक घरांत त्याबद्दल बोलले गेलेले नाही. आईच्या आल्बममधून तिचा रंग उचलता येतो. तिने काय पाहिले ते मात्र ती सांगेल तेव्हा.

या सगळ्या विचारात आम्हाला राहून राहून आठवते ती सेनो गुमिरा अजिदर्मा यांची 'सपोतोंग सन्जा उंतुक पाचारकू' ही कथा. 'सन्जा' म्हणजे संध्या, आपलाच शब्द. या कथेतला प्रियकर समुद्रकिनाऱ्यावरची संध्याकाळ चारही बाजूंनी कापतो, पोस्टकार्डाएवढा तुकडा खिशात घालतो आणि प्रेयसीला पाठवून देतो. कापलेल्या जागी आभाळात भोक पडते, गहजब उडतो, पोलीस पाठलाग करतात. ते भोक बुजवायला त्याला दुसरीकडची संध्याकाळ कापावी लागते. कथा १९९१ची आहे. इंडोनेशियन तरुण मुलांत ती आजही लाडकी आहे. मावळतीचे फोटो काढणाऱ्या हळव्या पोरांची 'संध्याकाळवाली पोरे' अशी थट्टा होते, त्या थट्टेमागे कुठेतरी ही कथाही असावी.

याच सेनोंनी, त्याच वर्षी नोव्हेंबरात पूर्व तिमोरमधील दिली येथे लष्कराने केलेल्या हत्याकांडाबद्दल आपल्या नियतकालिकात मजकूर छापला आणि त्यापायी त्यांना संपादकीय जबाबदारीवरून दूर व्हावे लागले. मग त्यांनी ते कथांतून लिहिले. 'साक्सी माता' या कथेत न्यायालयात साक्ष द्यायला आलेल्या माणसाला डोळेच नाहीत. साक्षी हा शब्दही आपल्याकडचा आणि त्यातला अक्ष म्हणजे डोळा. डोळे काढून घेतलेला साक्षी, ही प्रतिमा मराठी वाचकाला इंडोनेशियन वाचकापेक्षाही अधिक बोचावी. एकाच लेखकाच्या हातून, एखाद-दुसऱ्या वर्षाच्या अंतराने, कापून खिशात घातलेली संध्याकाळ आणि डोळे गमावलेला साक्षीदार अशा दोन गोष्टी उतरतात. तरुण वाचकांनी पहिली आपलीशी केली. दुसरी अभ्यासक्रमातल्या चर्चेत उरली, अशी आमची समजूत आहे. लो-फाय छायाचित्र ही कापून घेतलेली संध्याकाळच. भोक कुठे पडले ते पाहायला मात्र कोणी मागे फिरत नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, पोरांच्या फोटोंवर केवढे हे ओझे! ओझे आम्ही लादलेले नाही. त्या देशात भूतकाळाच्या रंगाचे राजकारण आधीपासून चालू आहे. ट्रकांच्या मागे आणि टी-शर्टांवर हसऱ्या सुहार्तोंचे चित्र आणि खाली जावानीज भाषेत 'काय, कसे काय? माझाच काळ बरा होता ना?' अशा अर्थाची ओळ, हे दृश्य गेल्या दशकात सर्रास दिसे. मे १९९८च्या घटनांसाठी सरकारनेच नेमलेल्या संयुक्त सत्यशोधन पथकाने बलात्काराच्या ५२ बळींची नोंद केली होती, राष्ट्राध्यक्ष हबीबी यांनी जाहीर खेदही व्यक्त केला होता. तरीही जून २०२५ मध्ये संस्कृतिमंत्री फादली झोन यांनी मोठ्या प्रमाणावर बलात्कार झाले ही पुराव्याविना उठलेली वदंता असल्याचे सुचवले. १० नोव्हेंबर २०२५ रोजी सुहार्तो यांना 'राष्ट्रवीर' ही पदवी देण्यात आली. ज्यांना '९८मधला मजकूर पुसायचा आहे, त्यांना '९८चा नुसता रंग उरलेला केव्हाही सोयीचाच.

आणि तरीही मुलांना दोषी धरण्याची आमची तयारी नाही. २०२० साली बारावीत असलेल्या तुकडीचे उदाहरण घ्यावे. मार्चमध्ये शाळा बंद झाल्या. राष्ट्रीय परीक्षा रद्द झाली, ती त्या रूपात पुन्हा झाली नाही. निकालाच्या दिवशी एकमेकांच्या पांढऱ्या सदऱ्यांवर नावे लिहायची, रंग फवारायचा, ही तिथली जुनी, शिक्षकांना न आवडणारी चाल. या मुलांचे सदरे कोरेच राहिले. त्यानंतरच्या तुकड्यांनीही पांढऱ्या-राखाडीचा काळ बराचसा पडद्यासमोर काढला. जे हातात आहे ते अचानक नाहीसे होते, हे या वयात शिकलेली मुले चालू दुपारीलाच जुनी करून ठेवत असतील, तर त्यात नुसती फॅशन दिसणाऱ्याने जरा सबुरीने घ्यावे. ती संध्याकाळ कापून ठेवण्यामागे धास्ती आहे.

शिवाय हा गणवेश रस्त्यावरही उतरला आहे. सप्टेंबर २०१९ मध्ये भ्रष्टाचारविरोधी आयोगाच्या कायद्यातील बदलांविरुद्ध विद्यापीठांचे विद्यार्थी उठले, तेव्हा तांत्रिक शाळांची पोरे राखाडी विजारींत त्यांच्या मदतीला धावली. अश्रुधुरात राष्ट्रध्वज घेऊन तोंड झाकलेल्या एका मुलाचे छायाचित्र तेव्हा गाजले. पुढे निघाले की तो शाळकरी नव्हताच, शाळा संपवलेला विशीचा तरुण होता. त्याला शिक्षाही झाली. शाळा सुटल्यावर त्या रंगाची विजार पुन्हा अंगात घालण्याची ही एक दुसरी तऱ्हा.

ऑगस्ट २०२५च्या आंदोलनात तर रंगाची चाळणीच साक्षीला आली. गुलाबी जिलबाब घातलेली एक बाई पोलिसांच्या रांगेसमोर उभी ठाकली होती. मोटारसायकल-टॅक्सी चालवणारा एक तरुण पोलिसांच्या चिलखती गाडीखाली चिरडून मेला, त्या चालकांच्या जाकिटाचा रंग हिरवा. काही दिवसांत असंख्य तरुणांनी आपापल्या छायाचित्रांवर हेच दोन रंग चढवले, गुलाबी आणि हिरवा, दुसरे काही नाही. तंत्र तेच, एका बटणाचे. पण रंग विचारला की घटना सांगावी लागत होती.

स्ट्रासलर यांच्या पुस्तकात १९९८च्या विद्यार्थ्यांनी स्वतः काढलेल्या छायाचित्रांवरही एक प्रकरण आहे. सुहार्तो गेल्यानंतर त्यांची प्रदर्शने भरली आणि लोक ती पाहायला गेले. धावताना काढलेल्या छायाचित्रात हात हलतो, धुरात उजेड कमी पडतो, रवा भरड होतो. शाळेत लो-फायचा तास घ्यायचाच झाला तर आम्ही अशा छायाचित्रांपासून घेऊ, आणि शेजारी पायऱ्यांवरच्या त्या चार मैत्रिणींचे छायाचित्र ठेवू. दोन्हींवर '९८ आहे. मुलांना काय विचारायचे ते मग वेगळे सुचवावे लागणार नाही.

जानेवारी २००७पासून दर गुरुवारी जकार्तातील राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादासमोर काळे कपडे घालून, काळ्या छत्र्या धरून काही माणसे उभी राहतात. गुरुवारला तिथे 'कामिस' म्हणतात, म्हणून या उपक्रमाचे नाव 'कामिसान'. तो सुरू करणाऱ्यांतील मारिया कातारिना सुमारसिह यांचा विद्यार्थी मुलगा नोव्हेंबर १९९८ मध्ये आपल्या विद्यापीठाच्या आवारात, जखमींना मदत करताना गोळी लागून गेला. त्यांच्या शेजारी आता १९९८नंतर जन्मलेली मुलेही उभी असतात. सुहार्तो पायउतार झाले तो दिवसही गुरुवारच होता. २०२६ सालीही २१ मे गुरुवारीच येतो.